सेहेचाळीसवर अडलेली मोजपट्टी

मी एक जुनी मोजपट्टी आहे. लहान मुलांच्या दवाखान्यात, वजनकाट्यामागच्या खिळ्यावर लटकलेली असे. मला सगळे नुसते टेप म्हणत.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यातला. मेण चढवलेले कापड, त्यावर काळे आकडे आणि टोकाला पत्र्याची पट्टी, एवढाच माझा संसार. काम एकच, बाळांच्या डोक्याचा घेर मोजायचा. दिवसाला तीस-चाळीस डोकी असत. प्रत्येक बाळ रडे, आणि सिस्टर मला ओढून घट्ट धरत. मग स्पिरिटने पुसून पुन्हा खिळ्यावर. पहिली काही वर्षे सगळे माझे कौतुक करत. नंतर मी दमले, पण दमलेल्या टेपकडे कोण बघतो?

तेव्हा चिमी यायची. तिच्या कवटीचे सांधे वेळेआधीच जुळले होते. कपाळ उंच होते, हातापायांची बोटे एकमेकांना चिकटलेली होती. जनुकातल्या एका बदलामुळे हे होते, लाखात एखाद्या बाळाला. तिची आई शिवणकाम करायची. "माझं काय चुकलं हो?" असे तिने विचारले, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुणाचंच काही चुकलेलं नाही."

मेंदूला जागा मिळावी म्हणून चिमीच्या कवटीची एक शस्त्रक्रिया झाली होती. आता डोके वाढते आहे ना, हे दर दोन महिन्यांनी पाहायचे होते. वाढले नाही, तर दुसरी शस्त्रक्रिया.

पहिल्या खेपेला मी सेहेचाळीस सेंटिमीटर दाखवले. दुसऱ्या खेपेला सेहेचाळीस. तिसऱ्या खेपेलाही सेहेचाळीसच. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शस्त्रक्रियेची तारीख काढायला सांगितले. आई कागद घेऊन उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"बाई, एक बोलू का? रागावू नका. हिच्या टोप्या मीच शिवते. बाजारातली बसत नाही हिला. गेल्या खेपेला शिवलेली टोपी आता कानावर उतरत नाही. मग डोकं वाढत नाही कसं?"

"टोपी धुऊन आटली असेल," सिस्टर म्हणाल्या. "आमचा टेप जुना आहे, जुनं ते सोनं."

"जुना आहे म्हणूनच म्हणते. कापडाचा टेप ओढून ओढून लांबतो, मग माप कमी दाखवतो. आम्ही वर्षाला बदलतो, नाहीतर गिऱ्हाइकाचा ब्लाउज अंगात जात नाही." तिने पिशवीतून स्वतःचा टेप काढला आणि सेंटिमीटरची बाजू वर करून माझ्याशेजारी टेबलावर अंथरला.

टोकाला टोक लावले. माझा सेहेचाळीस तिच्या टेपच्या सत्तेचाळीसपाशी पोचला होता. मग सिस्टरांनी तिच्या टेपने चिमीचे डोके दोनदा मोजले. दोन्ही वेळा सत्तेचाळीस. डोके वाढत होते, आणि मी लांबत होते, म्हणून आकडा हलत नव्हता.

तारीख रद्द झाली. आई खुर्चीत बसली आणि पदराने तोंड झाकून रडली. "हा टेप लांबलाय असं पहिल्याच दिवशी वाटलं होतं," ती म्हणाली. "पण एवढ्या शिकलेल्या माणसांना टेपबद्दल मी काय सांगणार?"

मला फार लाज वाटली. एका लेकराच्या डोक्यावर माझ्यामुळे पुन्हा सुरी चालली असती. मी खोटी नव्हते हो, फक्त थकले होते. पण चिमीला त्याने काय फरक पडला असता?

सिस्टर मला कचऱ्यात टाकणार होत्या. आईने मागून घेतले. आता मी त्यांच्या घरी चिमीच्या खेळण्यांत असते. मध्यंतरी तिच्या बोटांची शस्त्रक्रिया झाली, बोटे सुटी झाली. परवा तिने अंगठा आणि एका बोटाच्या चिमटीत माझे टोक धरले आणि मला खोलीभर ओढत नेले. मी आणखी थोडी लांबले असेन. लांबू दे, आता काही मोजायचे नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया करा, पण वर्षातून एकदा तिला नव्याशेजारी ठेवून बघा. ती दमली असेल तर तिला खिळ्यावरून उतरवा. आणि मनात शंका आली, तर तिसऱ्या खेपेची वाट पाहू नका. मला तोंड नव्हते, तुम्हाला आहे.