सात धडे आणि एक नळ

मी हे एकदाच लिहिणार आहे. रोज लिहावं असं माझ्याकडे काही नाही. ज्यांच्याकडे नसतं तेच रोज लिहितात, हे मी महिनाभर घरात बघितलंय.

आमचे हे विमा कंपनीत आहेत. लोकांचे क्लेम मंजूर होणार नाहीत हे गोड भाषेत कळवायचं, असं त्यांचं काम. ऑफिसात कुणीतरी म्हणालं, साहेब, तुमचं पत्र वाचलं की नकारसुद्धा बरा वाटतो. झालं. हरभऱ्याच्या झाडावर चढायला आणखी काय लागतं? त्यातच ह्यांना 'तीस दिवस, तीस ब्लॉग' अशा एका चॅलेंजचा ग्रुप सापडला. रोज एक लेख इंटरनेटवर टाकायचा, खाडा करायचा नाही. महिना पुरा केला की सर्टिफिकेट. लेख बरा असावा अशी अट कुठेच नव्हती, मी मुद्दाम वाचून बघितलं.

ग्रुपला एक कोच होता. वयाने आमच्या लेकीपेक्षा जेमतेम मोठा. सकाळी आमचा चहा उकळत असताना त्याचा मेसेज वाजायचा, "उठा, शब्दवीरांनो!" की आमचे शब्दवीर बनियनवर ताठ उठून बसायचे.

पहिला आठवडा बरा गेला. ह्यांनी वेळेचं महत्त्व सांगितलं, चालण्याचे फायदे सांगितले, मैत्री म्हणजे काय ते सांगितलं. मी विचारलं, "अहो, पण तुम्हाला मित्र कुठे आहेत?" तर म्हणाले, "ते लिखाण असतं. तुला नाही कळायचं." वाचणारी आम्ही सात-आठ माणसं. त्यात मी हमखास, कारण हे माझ्या हातात फोन कोंबून समोर उभेच राहायचे. माझं रफूचं आणि कपडे बेतून द्यायचं दुकान आहे. हातात सुई असली तरी आधी 'छान जमलंय' म्हणावं लागायचं, मग दोरा ओवायचा.

दुसऱ्या आठवड्यात घोडं पेंड खायला लागलं. विषय संपले. हे चष्मा हरवल्यासारखे घरभर विषय शोधत फिरायचे. गळका फ्लश झाला, शेजाऱ्यांचं कुत्रं झालं, माझं घोरणं झालं. घोरण्यावरून मी अबोला धरला, तर त्याच्यावर लेख आला, 'मौनाची ताकद'. मी कपाळावर हात मारून घेतला आणि मुकाट्याने बोलायला लागले.

मग एका सकाळी कोच म्हणाला, "जखमेतून लिहा. जिथे दुखतं, तिथून लिहा." आता ह्यांना जखम कुठली आणायची? आईवडील प्रेमळ, नोकरी कायमची, बायको मी. फार तर ॲसिडिटी. तरी बिचारे मला विचारायला आले, "अगं, माझं असं काही दुःख आहे का?"

"आहे ना," मी म्हटलं. "पण ते माझ्या वाट्याला आलंय."

हे हसलेसुद्धा नाहीत.

आता लेकीबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमची एकुलती एक, बावीस वर्षांची. बोलताना अडखळते, अगदी लहानपणापासून. शब्द डोक्यात तयार असतो, पण पहिल्या अक्षराला अडतो. 'प' आणि 'म' तिचे वैरी, आणि नाव ठेवताना आम्हाला काय ठाऊक, ते नेमकं त्यातल्याच एकाने सुरू होतं. ती शाळेत जायला लागली तेव्हा स्पीच थेरपीच्या बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून बजावलं होतं, "तिचं वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही. कितीही वेळ लागू दे. थांबायचं." मला ते जमलं. ह्यांची मात्र परीक्षा होती, कारण ह्यांना दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची जन्माची खोड. माझं, बॉसचं, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईचंसुद्धा! पण लेक बोलायला लागली की हे टेबलावरचा साखरेचा डबा दोन्ही हातांनी धरून बसायचे आणि थांबायचे. त्या डब्याला दोन्ही बाजूंनी पोचे आलेत. खोटं कशाला बोलू, अशा वेळी मला हा माणूस फार आवडायचा.

लेकीने डोळे तपासायचं शिक्षण घेतलं, चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि एका मोठ्या नेत्रालयातून तिला इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. आतल्या खोलीत बसून चष्म्याच्या काचा घासायच्या नव्हत्या तिला. माणूस समोर खुर्चीत बसवून त्याचे डोळे तपासायचे होते. त्या कामात दिवसभर काचा बदलत एकच विचारायचं असतं, "पहिलं स्पष्ट की दुसरं?" म्हणजे येईल त्याच्यासमोर 'प'! म्हणून ती रोज सकाळी बाथरूममध्ये नळ पूर्ण सोडायची आणि त्या आवाजाआड सराव करायची. प, प, पहिलं. पहिलं स्पष्ट की दुसरं. आम्हाला बाहेर सगळं ऐकू यायचं. एरवी दिवा चालू राहिला तरी घर डोक्यावर घेणारे हे, त्या नळाबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. आम्ही चहा पीत गप्प बसायचो. ठरवलं कुणीच नव्हतं, पण घरात तसं चालत आलं होतं.

महिना संपत आला होता. दुकानात एक नेहमीच्या गिऱ्हाईकबाई पँट लांब करायला घेऊन आल्या आणि माझा हातच हातात घेतला. "वाचलं हो. मला तर रडूच आलं."

"काय वाचलं?"

त्यांनी फोन दाखवला. लेखाचं नाव 'नळाआडचा आवाज'. खाली ह्यांचा हसरा फोटो. 'माझी कन्या जेव्हा नळ सोडून रुसलेल्या शब्दांशी झुंजत असते, तेव्हा दाराबाहेर एक बाप अश्रू ढाळत असतो.' अश्रू! हा बाप दाराबाहेर चहात टोस्ट बुडवत असतो, आणि तो तुटून कपात पडला तर तेवढ्यापुरता हळहळतो. पुढे डबा आला होता, थेरपीच्या बाई आल्या होत्या, इंटरव्ह्यूसुद्धा आला होता. आणि सगळ्यात शेवटी 'यातून मी काय शिकलो'. अडखळायचं तिने, शिकायचं ह्यांनी. कोचने तो लेख दहा ठिकाणी पाठवला होता आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची नुसती रांग लागली होती. पँट लांब करायची होती, मी चार बोटं आखूड केली.

घरी आल्या आल्या मी ह्यांना धरलं.

"अगं, पण मी तिचं नाव कुठे घेतलंय?" हे म्हणाले.

"आपल्याला एकच मुलगी आहे हो!"

"लोकांना बळ मिळतंय त्यातून. किती जणांनी वाचलं माहीत आहे? कोच म्हणाला, साहेब, अख्ख्या ग्रुपमधला सगळ्यात ऑथेंटिक लेख."

"तिला विचारलंत?"

"बापाने मुलीचं कौतुक करायला परवानगी काढायची का आता?"

लेक दारात उभी होती. "वाचलं," एवढंच म्हणाली आणि खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बादली भरण्यापुरता नळ वाजला आणि बंद झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. इंटरव्ह्यू तोंडावर आला होता आणि बाथरूममधून हूं की चूं नाही. माझ्या जिवाला नुसता घोर लागला. हे मात्र रोज किती वाचक वाढले ते मला सांगायचे.

इंटरव्ह्यूहून ती परत आली ती सरळ टेबलाशी येऊन बसली. हे शेजारीच होते. जे झालं ते तिने थांबत थांबत सांगितलं, आणि आम्ही ऐकलं. मोठ्या डॉक्टरबाईंनी तिला बघितल्या बघितल्या विचारलं होतं, "अगं, तू तीच ना, नळवाली?" मग पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

"खूप चांगल्या वागल्या, आई. मी तोंड उघडलं की त्या माझं वाक्य पुरं करायच्या. सगळी वाक्यं त्यांनीच बोलून टाकली." मग म्हणाली, "आतल्या खोलीत काचा घासायचं काम देतो म्हणाल्या. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही."

"आणि पहिलं-दुसरं?" मी विचारलं.

"म्हणूच दिलं नाही."

"अरे वा!" हे म्हणाले. "म्हणजे नोकरी मिळाली की!"

तुम्हाला सांगते, तो डबा मी ह्यांच्या डोक्यात घातला नाही याचं एकमेव कारण म्हणजे तो ह्यांच्या हातात होता. त्या दिवशीचा लेख 'दारं उघडतात तेव्हा'.

महिना पुरा झाला. सर्टिफिकेटं वाटायला एका हॉटेलचा वरचा हॉल घेतला होता. मी जाणार नव्हते. पण लेक म्हणाली, "मी जाणार." मग मीही साडी बदलली. हॉलमध्ये पन्नासेक शब्दवीर, प्रत्येकाला आपलं वाचून दाखवायचंय आणि दुसऱ्याचं कुणालाच ऐकायचं नाहीये. बायका लेकीकडे बघून मान तिरकी करून हसत होत्या, आजाऱ्याला भेटायला गेल्यावर हसतात तसं.

ह्यांचं भाषण शेवटी ठेवलं होतं, मानाचं म्हणून. विषय 'महिन्याभरात मी शिकलेले सात धडे'. पहिला सातत्य, दुसरा शिस्त, तिसरा आणि चौथा माझ्या मते एकच होता, फक्त शब्द बदलले होते. पाचव्याला आवाज जड करून हे म्हणाले, "आपल्या माणसांच्या वेदनेला आवाज द्या. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्यासाठी आपण बोला. माझी कन्या आज इथे आली आहे."

सगळा हॉल वळला. कोच माइक घेऊन धावतच आला. "बोल बेटा, बोल. सावकाश. घाई नाही हं."

लेक उभी राहिली. एवढ्या लोकांसमोर ती जन्मात बोलली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "तू म... म..."

"महान आहेस!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि टाळ्यांचा कडकडाट. एक बाई तर डोळे पुसायला लागल्या. झालं त्यांच्या लेखी, वाक्य पुरं झालं.

लेक बसली नाही. टाळ्या संपेपर्यंत उभी राहिली आणि पुन्हा सुरुवात केली. "तू म..."

"माझा अभिमान!" कोचने तिच्या माइकमध्ये तोंड घालून वाक्य पुरं केलं. पुन्हा टाळ्या.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा चेहरा फुलला होता, तोंड उघडलं होतं, आणि मला वाटलं, आता हेही तिसरं काहीतरी जोडणार. पण ह्यांचे हात समोरच्या टेबलावर काहीतरी चाचपायला लागले. तिथे डबा नव्हता. कोचने दिलेली ट्रॉफी होती. ती ह्यांनी दोन्ही हातांनी धरली.

"थांबा," हे म्हणाले. टाळ्या चालूच होत्या. "अहो थांबा, गप्प बसा जरा! तिचं वाक्य पुरं व्हायचंय."

हॉल चिडीचूप झाला. कोच माइक पुढे धरून उभा. लेक तिच्या 'म'पाशी उभी होती आणि हे तिच्याकडे बघत होते, घरी बघायचे तसे. किती वेळ गेला कोण जाणे.

"तू मला विचारलं नाहीस," ती म्हणाली. एका दमात. मग कोचला "थँक यू" म्हणून खाली बसली.

एकाने सवयीने टाळी वाजवली आणि हात मागे घेतला. ह्यांनी सहावा आणि सातवा धडा सांगितलाच नाही. ट्रॉफीसुद्धा टेबलावरच राहिली, मी आणली नाही.

घरी येऊन ह्यांनी तो लेख काढून टाकला, पण कोचने तो स्वतःच्या पानावर आधीच चिकटवून ठेवला होता. ह्यांनी फोन केला. तो म्हणे, "सर, एवढा व्हायरल लेख कुणी काढतं का?" विमा कंपनीत उभी हयात लोकांना गोड बोलून नाही म्हणण्यात घालवलेला हा माणूस त्याच्यावर असा ओरडला की शेजाऱ्यांचं कुत्रं भुंकायला लागलं. लेख निघाला. लोकांच्या डोक्यातून कसा काढायचा, ते मात्र ह्यांना कुठल्याच कोचने शिकवलेलं नाही. ह्यांनी लेकीची माफी मागितली. "ठीक आहे" असं ती म्हणाली नाही. "बघू" म्हणाली. मला ते बरोबर वाटलं.

काचा घासायची नोकरी तिने नाकारली. दुसऱ्या एका लहानशा दवाखान्यात तिला पुढच्या आठवड्यात बोलावलंय. तिथले डॉक्टर म्हातारे आहेत, फोन फक्त उचलायला वापरतात, असं ऐकलंय. नळ अजून बंदच आहे, पण आवाज परत आलाय. आता ती बाथरूमचं दार उघडं टाकून सराव करते, आरशासमोर, चांगली मोठ्याने.

आणि हो, हे लिहायला बसायच्या आधी मी तिला विचारलं. टेबलाशीच विचारलं, हे समोर होते. ती थोडा विचार करून म्हणाली, "लिही. सगळं लिही. फक्त नाव लिहू नकोस." पुढे तिला आणखी काही सांगायचं होतं, पण ती 'म'पाशी थांबली. मी सुई खाली ठेवली. ह्यांनी साखरेचा डबा धरला.

"माझं नाव मी सांगेन," ती म्हणाली.