सर्व्हर डाउन

कुरखेड्याच्या बाजारात वाजिदचं ऑनलाइन सेंटर होतं आणि तिथे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध मिळे : "सर्व्हर डाउन हाये, उद्या या." माणसं बिचारी उद्या येत. बरेचदा सर्व्हर खरंच डाउन असे, म्हणून वाजिदची पत टिकून होती. नाहीतर नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण अशाच लोकांसाठी झाली आहे.

गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधल्या व्हायरसांनी त्याचा कॉम्प्युटर नासला, तेव्हा चंद्रपूरच्या मेहुण्याने, अल्ताफने, त्यावर लिनक्स टाकून दिलं. मशीन पळायला लागलं. मग मागच्या आठवड्यात जागा कमी पडते म्हणून वाजिदने जुना ब्राउझर काढून नवा टाकला, आणि तेव्हापासून पीडीएफमधल्या लिंका उघडेनात. त्याने कारण शोधलं नाही. औषध हाताशी होतंच.

काल गिरजाबाई आली होती, लेक रश्मीला घेऊन. फॉर्म भरताना वाजिदने, सगळ्यांचा टाकतो तसा, दुकानाचाच ईमेल टाकला होता. त्यामुळे रश्मीच्या नर्सिंगच्या निवडीचं पत्र त्याच्याच मशीनवर आलं. पत्रात निळ्या अक्षरांत ओळ होती : 'जागा स्वीकारण्यासाठी येथे क्लिक करा.' वाजिदने क्लिक केलं, पुन्हा केलं, काही हललं नाही. मुदत दुसऱ्या पानावर होती, आणि दुसरं पान पाहायची त्याला सवय नव्हती. त्याने औषध दिलं.

"वडस्याले जाऊन पाहू ना, माय," रश्मी म्हणाली होती. "तिथी दुसरं सेंटर हाये."

"काऊन? वाजिदभाऊ खोटं बोलून राह्यले का?" असं म्हणून गिरजाबाईने तिला गावाकडे परत नेलं.

आज दोघी पहिल्याच गाडीने आल्या. गिरजाबाई बाहेरच्या बाकावर टेकली, रश्मी वाजिदच्या खुर्चीमागे उभी राहिली. निळी ओळ आजही ढिम्म. पोरीसमोर पुन्हा तेच सांगायची लाज वाटली, म्हणून वाजिदने अल्ताफला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"अबे, पुराना ब्राउझर उडाया और मशीन को बताया नहीं?" अल्ताफ हसायला लागला. "वो अभी भी उसीको पुकार रहा. लिंक पे राइट क्लिक मार, पता कॉपी कर, नए ब्राउझर में डाल."

"और सर्व्हर?"

"सर्व्हर का इसमें क्या काम?"

वाजिदने पत्ता उचलून नव्या ब्राउझरमध्ये टाकला. पान लगेच उघडलं. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं की मुदत काल संध्याकाळी संपली असून जागा प्रतीक्षा यादीतल्या उमेदवाराला देण्यात आली आहे.

रश्मीने ते शेवटपर्यंत वाचलं.

"काल असंच केलं असतं तं उघडलं असतं ना?" तिने हळूच विचारलं.

खोटं बोलायला जागा होती, पण वाजिदची जीभ वळली नाही. "हो," तो म्हणाला.

"काय झालं वं?" बाहेरून गिरजाबाईने विचारलं. रश्मी तिच्याजवळ गेली. "मुदत सरली म्हनते, माय. कालच सरली."

गिरजाबाईचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "तू वडस्याले चाल म्हनत होतीस. मीच नाई आयकलं. मीच तुह्यं वाटोळं केलं."

"नाई, माय. वडस्यालेई झालं नसतं. सर्व्हरच बंद होता."

गिरजाबाईने डोळ्यांना पदर लावला आणि दारात आलेल्या वाजिदला हात जोडले. "तुम्ही तरी काय करान, भाऊ. तुम्ही तं कोशिश केली."

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोसल्या असत्या. हे हात त्याला सोसवेनात. खरं सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात रश्मीने मायच्या खांद्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवून नको म्हटलं.

वाजिद गप्प राहिला.