बोटभर आखूड

मी एक पट्टी आहे. मोटारीच्या इंजिनात ऑईल किती आहे हे बघायला बॉनेट उघडून जी लांब, लवचीक पट्टी बाहेर ओढतात ना, तीच. गॅरेजवाले मला डिपस्टिक म्हणतात. अंगावर दोन रेघा आणि डोक्याला एक कडी, एवढाच माझा संसार. ऑईल दोन रेघांच्या मध्ये दिसलं की मालक निश्चिंत होतो. खरं सांगणं एवढं एकच काम मला दिलं होतं, आणि नेमकं तेच माझ्याकडून झालं नाही. त्यात एका भल्या माणसाचं वाटोळं झालं. तेच आज सांगते.

माझा जन्म एका ॲम्बॅसेडरसाठी झाला. तिच्याकडे मी बारा वर्षं इमानानं काम केलं. ती भंगारात निघाली आणि मीही नालासोपाऱ्याच्या भंगारवाल्याकडे येऊन पडले. तिथून १९९८च्या दिवाळीआधी श्रीरंगरावांनी मला उचललं.

श्रीरंगराव मूळचे कोकणातले, राहायला उमेळ्यातल्या नव्या बिल्डिंगमध्ये. मुंबईच्या एका कचेरीत दुसऱ्यांच्या फायलींमधल्या चुका काढायची त्यांची नोकरी. दारात जुनी पण लखलखीत मलई रंगाची फियाट. रोज सकाळी चहाच्या आधी ते तिचं ऑईल बघत. एका रविवारी पट्टी पुसून त्यांनी बॅटरीवर ठेवली, तेवढ्यात मनोरमाबाईंनी फोनसाठी हाक मारली. परत आले ते बॉनेट तसंच आपटून मासळी आणायला पाचूबंदरला गेले. पट्टी वाटेत कुठं पडली ती पडलीच.

गाडीचं काम बघणाऱ्या मेस्त्रींना नुसतं सांगितलं असतं तरी भागलं असतं! पण दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्याला स्वतःची चूक सांगवेना. त्यांनी गुपचूप मला आणलं. जुन्या पट्टीच्या कडीला तांबडी टेप होती, तशीच माझ्याही कडीला गुंडाळली. नळीत मी छान बसले. मी बोटभर आखूड आहे, हे त्यांना कळलं नाही. मला पहिल्याच दिवशी कळलं.

आखूड पट्टी काय करते बघा. ऑईल पुरेसं असलं तरी ते तिच्या रेघेपर्यंत पोचत नाही. मालकाला वाटतं, कमी आहे. तो आणखी ओततो. पोट फुटेस्तोवर जेवलेल्या माणसासारखं इंजिन मग जास्तीचं ऑईल ओकतं, ते जळतं आणि मागून निळा धूर निघतो. जास्तीचं जळून गेलं की मी पुन्हा ‘कमी’ दाखवते, आणि मालक पुन्हा ओततो.

ज्यांच्याकडे फियाट नऊ वर्षं जात होती ते आलोशियस मेस्त्री उमेळ्यातच राहायचे. केळीच्या वाडीला लागून त्यांचं पत्र्याचं शेड होतं. साठीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांची मुलगी डेल्फिन हिचं लग्न जानेवारीत होतं, आणि नवरी चर्चला जाणार ती फियाटमधूनच, असा शब्द श्रीरंगरावांनी आपणहून दिला होता.

धूर बघून मेस्त्री खाली वाकले. एक्झॉस्टसमोर पांढरं फडकं धरलं, हुंगलं.

“काळा धूर म्हनजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हनजे पानी शिरलं. हा निळा आहे. ऑईल जळतंय, भाऊ.”

त्यांनी चारही सिलिंडरचा दाब मोजला. चांगला भरला. मग एअर क्लीनर उघडला तर तो ऑईलनं बरबटलेला. मेस्त्री बुचकळ्यात पडले.

“दाब ठीक असताना इंजिन ऑईल का ओकतं? ऑईल नीट बघता ना?”

“रोज सकाळी,” श्रीरंगराव म्हणाले.

मेस्त्रींनी मला ओढलं, पुसलं, परत घालून पाहिलं. ऑईल बरोबर दोन रेघांच्या मध्ये. त्यांनी मान डोलावली. माझी लांबी बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास होता. त्या क्षणी मोडून पडले असते तर बरं झालं असतं.

“पिस्टनच्या रिंगा बदला,” श्रीरंगराव म्हणाले. ह्या रिंगा झिजल्या की ऑईल वर चढून जळतं आणि दाबही उतरतो.

“रिंगा चांगल्या आहेत. निरोगी मानसाचं पोट कशाला फाडायचं?”

“मेस्त्री, लग्नाला दोन महिने राहिलेत. मला धूर नको.”

शेवटी इंजिन उघडलं. रिंगा बदलल्या, व्हॉल्व्हचे सील बदलले. नवं ऑईल मेस्त्रींनी सवयीप्रमाणे मापाच्या कॅननं ओतलं, मला काढून पाहिलंही नाही. गाडी घरी आली. दुसऱ्या दिवशी श्रीरंगरावांनी मला ओढलं तर ऑईल खालच्या रेघेच्याही खाली! त्यांनी कपाळाला हात लावला आणि वरच्या रेघेपर्यंत डबा रिकामा केला. आठ दिवसांत धूर परत सुरू झाला.

शेडमध्ये चार गिऱ्हाइकं उभी असताना ते मेस्त्रींवर कडाडले. “तुम्ही रिंगा बदलल्याच नाहीत! ऑईलसुद्धा कमी घातलंत!”

मेस्त्री आत गेले आणि काढलेल्या जुन्या रिंगा कागदात गुंडाळलेल्या होत्या त्या घेऊन आले. “ह्या बघा, तुमच्याच आहेत.”

“कुणाच्याही असतील.”

मेस्त्रींनी कागद परत मिटला. उभ्या गिऱ्हाइकांनी माना खाली घातल्या.

लग्नाला फियाट गेली नाही. बॉनेटखाली मी बँडचा आवाज ऐकत होते. वरच्या गॅलरीतून मनोरमाबाईंचा आवाज आला, “अहो, पोरगी भाजीच्या टेम्पोत पुढं बसून चालली आहे. तो पांढरा झगा कसा सांभाळत असेल?”

फेब्रुवारीत ते गाडी घेऊन सोपाऱ्याला गेले. तिथल्या चिराग नावाच्या मेकॅनिकनं सगळं ऑईल टबात काढलं आणि मापलं.

“काका, साडेचार लिटर निघालं! हिला सव्वातीन लागतं. एवढं कोण भरतं?” मग त्यानं दुसऱ्या फियाटची पट्टी आणून मला तिच्या शेजारी धरलं. “ही ह्या गाडीची नाहीच. कोणी बसवली?”

“माहीत नाही,” श्रीरंगराव म्हणाले.

खोटं बोलणारे आता आम्ही दोघं झालो.

नवी पट्टी बसली, मी पिशवीत गेले. धूर त्याच दिवशी थांबला. उमेळ्यात बोलणं सुरू झालं, ‘आलोशियसनं बिघडवलेली गाडी सोपाऱ्याच्या पोरानं तासात बरी केली.’ श्रीरंगरावांनी ते खोडून काढलं नाही. पण त्यांचं जेवण कमी झालं, एवढं मनोरमाबाईंच्या तक्रारींवरून मला कळायचं.

मार्चमधल्या एका रविवारी संध्याकाळी त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत घातलं आणि मेस्त्रींचं घर गाठलं. सांगून टाकायचं, असं ठरवूनच निघाले होते. मला इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

ईस्टरच्या आधीचे चाळीस उपवासाचे दिवस होते ते. ख्रिस्ती माणसं ह्या दिवसांत चर्चमध्ये पापांची कबुली देतात, तुटलेली मनं जोडतात. मेस्त्रींच्या बायकोनं, आल्बिनाबाईंनी कॉफी आणली. श्रीरंगराव तोंड उघडणार, तोच मेस्त्री उठले. त्यांनी श्रीरंगरावांचा हात दोन्ही हातांत धरला.

“भाऊ, मीच येनार होतो. गाडी धूर टाकत नाही आता, मी रोज बघतो. म्हनजे चूक माझीच होती. कुठं चुकलो ते अजून कळत नाही, पन हात गेला माझा. मला माफ करा.”

श्रीरंगरावांचा दुसरा हात पिशवीत होता. बोटं माझ्या कडीभोवती घट्ट आवळली होती. ओढा मला, मी मनात ओरडत होते, एकदा बाहेर ओढा!

बोटं सैल झाली.

“जाऊ द्या, मेस्त्री,” श्रीरंगराव म्हणाले. “माणूस आहे, चुकायचाच.”

आल्बिनाबाईंनी पदरानं डोळे पुसले. “देव तुमचं भलं करो,” असं म्हणत त्या आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आल्या.

त्यानंतर मेस्त्रींनी इंजिनाला हात लावला नाही. थोडे दिवस पंक्चर काढले, ग्रीस मारलं, मग शेडच बंद केलं. फियाटही केव्हाच विकली गेली. आता २००४ साल आहे. मी शोकेसच्या खणात, बंद पडलेल्या टॉर्चशेजारी पडून आहे. मनोरमाबाई दर दिवाळीला विचारतात, “हे लोखंड टाकून देऊ का?” श्रीरंगराव दचकतात आणि म्हणतात, “राहू दे.”

लांबी माझ्या हातात नव्हती, हे खरं आहे. पण त्या सबबीनं मन हलकं होत नाही. रोज सकाळी मी खोटं दाखवलं, आणि एका माणसाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला.

तुमच्यापैकी कुणी उमेळ्याला आलं, तर मला ह्या खणातून काढून मेस्त्रींकडे घेऊन जा. केळीच्या वाडीला लागून घर आहे, मेस्त्री अंगणात बसलेले दिसतील. त्यांना फार समजावू नका. मला त्यांच्या हातात द्या आणि शेजारी फियाटची खरी पट्टी धरा, म्हणजे त्यांचं त्यांना कळेल. त्यांनी मागितलेली माफी आम्ही चोरून घरी आणली आहे. ती त्यांना परत करायची आहे.