नकाशाच्या कोपऱ्यातली चौकट

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा बंद केलं. पण डोकं तापलंय. वाक्यं तुटली तर तुटू देत.

आमच्या ऑफिसात 'बाई' म्हटलं की एकच. आर्किटेक्ट बाई. मी लागलो त्याच्या आधीच त्या सोडून गेलेल्या, पण सोळा वर्षं त्यांनी इथे काढली. भाजी मंडई त्यांची. दोन छपरांच्या मध्ये हातभर फट ठेवलीय, आतली गरम हवा निघून जाते आणि पावसाचा थेंब आत येत नाही. उतारावरचं वाचनालय त्यांचं, खिडक्यांचे कट्टे असे रुंद की पोरं खुर्च्या सोडून तिथेच बसतात. आणि प्रसूतिगृह. माझी भाची तिथेच झाली. ताई म्हणाली होती, "अरे, कळा येत होत्या तरी पडल्या पडल्या झाड दिसत होतं." खिडकी मुद्दाम पलंगाच्या उंचीला आणलीय. असं उगाच कुणाला सुचत नाही.

मग बाईंनी एका खोलीत स्वतःचं ऑफिस टाकलं. शाळा बांधल्या, बसस्थानक बांधलं. आता त्यांच्या आजवरच्या कामाचं प्रदर्शन भरतंय. आणि आमच्या सरांनी, म्हणजे ऑफिसच्या मालकांनी, प्रदर्शनाच्या समितीला पत्र धाडलं, की मंडई, वाचनालय, प्रसूतिगृह ही तिन्ही डिझाइनं आपली, बाई फक्त 'रेखाटनाला मदत' करायच्या. पुरावा म्हणून नकाशे जोडले.

ते नकाशे मी काढलेत.

नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. इमारत कुठली, डिझाइन कुणाचं, रेखाटन कुणाचं. मी व्हिडिओ बघून कॉम्प्युटरवर ड्रॉइंग शिकलो, डिग्री नाही, तरी सरांनी मला घेतलं. पहिलंच काम: हाताने काढलेले जुने नकाशे कॉम्प्युटरवर आणायचे. "चौकट आपली नवी टाक," सर म्हणाले. नव्या चौकटीत 'डिझाइन'समोर सरांचं नाव आधीच भरलेलं. मी टाकत गेलो. एकशे चाळीस नकाशे. जुने कागद मीच गुंडाळून रद्दीत दिले.

काल बाईंनी मला त्यांच्या ऑफिसात बोलावलं.

"बस," म्हणाल्या. लगेच म्हणाल्या, "नको, उभाच राहा. बसलेल्या माणसावर मला नीट चिडता येत नाही."

मी उभा. त्यांनी टेबलावर समितीकडून आलेला नकाशा पसरला.

"हा जिना कुणी काढला?"

"मी, बाई. म्हणजे मूळ तुमचा."

"मूळ माझा. मग माझी सही कुठे गेली? उंदरांनी खाल्ली?"

"सरांनी चौकट बदलायला सांगितली. मी नवीन होतो. मला माहीत नव्हतं."

"साइटवर मुकादम मलाच विचारायचा, साहेब कधी येणार? मी म्हणायचे, आलेत, बोला. मीटिंगमध्ये लोक मला चहा सांगायचे. सगळं गिळलं. का? कागदावर मी होते म्हणून. कागदावर तरी होते ना रे!"

हात आपटला. पेन्सिलींचा डबा खाली पडला. मी वाकलो.

"राहू दे. आवरून ठेवायची हौस दिसतेय तुला."

तोंडात मारल्यासारखं झालं. मग त्या हळू बोलल्या, आणि ते जास्त लागलं. "सोमवारी प्रदर्शनाची यादी छापायला जातेय. मी बोलले की मी भांडखोर. मूळ कागद पाहिलेला माणूस हवा. म्हणजे तू. नोकरी जाईल तुझी, गोड बोलून फसवणार नाही. विचार कर."

खाली ढापण्या गाडी लावून थांबला होता. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, चष्म्यामुळे हे नाव पडलं. त्याला सगळं सांगितलं आणि मग सरांचा उद्धार सुरू केला. येत होत्या तेवढ्या शिव्या संपल्या. तो चष्मा पुसत ऐकत होता.

"झालं? आता तुझं सांग. बाईंना काय म्हणालास?"

"म्हटलं, मला माहीत नव्हतं."

"खोटारड्या."

"ए, तू गप."

"शेजारीच बसायचो ना मी! प्रसूतिगृहाच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'झोपलेल्या बाईला झाड दिसलं पाहिजे, खिडकी अजून खाली घ्या.' तू मला मोठ्याने वाचून दाखवलंस. खाली सही होती, 'डिझाइन'समोर नाव होतं, तेही वाचलंस. मी म्हटलं, बाई कविता करायच्या की काय. दोघं हसलो. आणि नव्या नकाशात तू त्यातलं काहीच घेतलं नाहीस."

खरं होतं. दोन दिवस ते नाव डोक्यातून जात नव्हतं. सरांना विचारू, असंही ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी पुढचा नकाशा हातात आला आणि मी गप बसलो. इतका वेळ सरांवर भुंकत होतो, तो राग फिरून माझ्याच कानाखाली बसला.

"समितीला लेखी देणारेस?" ढापण्याने विचारलं.

"देणार. नोकरी गेली तर गेली."

"आत्ता म्हणतोयस. सोमवारी शेपूट घालशील."

"नाही घालणार."

"सरांनी काय सांगितलं ते लिही. मी शेजारी होतो, हसलो, तेही लिही. घाबरत नाही मी. म्हणजे घाबरतो, पण लिही. फक्त 'मला माहीत नव्हतं' हे वाक्य त्यात दिसलं ना, तर आपली दोस्ती खलास."

"नाही दिसणार."

"शब्द दे."

दिला. सोमवारी समितीचं दार उघडायच्या आत मी तिथे असेन, आणि पहिल्याच ओळीत लिहीन की बाईंचं नाव मी वाचलं होतं, मला कळलं होतं, आणि तरी मी ते सोडून दिलं.