मनगटावरचे ठिपके

श्यामकांत गुरुजींना फुलपाखराच्या जागी नुसता पुसट रंगीत डाग दिसू लागला होता आणि त्यांच्या बायकोखेरीज, रत्नप्रभाबाईंखेरीज, याचा कुणाला पत्ता नव्हता. दर रविवारी गुरुजी फुलपाखरू मंडळाच्या हौशी सभासदांना घेऊन बोरिवलीच्या जंगलात हिंडत, बाई हात धरून बरोबर. फुलपाखरू बसलं की त्याच्या मागच्या पंखावर जितके काळे ठिपके, तितक्या वेळा बाई त्यांचं मनगट दाबत. पुढची खडान्‌खडा माहिती गुरुजींना तोंडपाठ. लोक म्हणत, काय नजर आहे!

बाईंचा जीव मात्र टांगणीला लागला होता. उपचार टाळलेत तर उरलीसुरली नजरही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण गुरुजी ऐकतील तर शपथ! "डोळ्याला पट्टी लागली की मंडळ दुसरा माणूस बघेल," हेच पालुपद. गेल्या आठवड्यात दिंडोशीला ते रिक्षाखाली येता येता वाचले आणि बाईंनी मनाशी ठरवून टाकलं.

त्या रविवारी घाणेरीच्या झुडपावर एक नारिंगी फुलपाखरू बसलं. विषारी प्लेन टायगरच्या पंखाच्या मध्यावर तीन ठिपके असतात. डॅनेड एगफ्लायची मादी जीव वाचवायला हुबेहूब त्याचं सोंग घेते, पण तिला ठिपका एकच, तोही कडेला. समोर एकच होता. बाईंनी तीनदा मनगट दाबलं.

तेवढ्यात फुलपाखरू दचकून झपकन उडालं आणि शेजारच्या फुलावर बसलं. गुरुजी जरा घुटमळले.

"प्लेन टायगर," ते म्हणाले.

"काय सर! एकच तर ठिपका आहे," मंडळातली क्लॅरिस हसत म्हणाली. "दिसत नाही की काय तुम्हाला?"

गुरुजींनी मान खाली घातली. "नाही दिसत."

परतताना दोघं मागे राहिली.

"प्लेन टायगर असा घाबरून पळत नाही," गुरुजी म्हणाले. "उडण्यावरूनच कळलं होतं मला."

"मग प्लेन टायगर का म्हणालात?"

"तू तीनदा दाबलंस म्हणून. माझ्यापेक्षा तुझ्या बोटांवर विश्वास होता." थोडं चालून ते म्हणाले, "उद्या जाऊ डॉक्टरांकडे."

बाईंना हवं ते मिळालं होतं, तरी त्यांना रडू आवरेना. फाटकाशी आल्यावर डोळे पुसून त्या म्हणाल्या, "पायरी आहे हं, अहो."

एरवी बाईंच्या शब्दावर बेधडक पाय टाकणारे गुरुजी थांबले. त्यांनी पाय पुढे करून आधी चाचपून पाहिलं आणि मगच ते उतरले.