वाफसा येण्याआधी

दोघा भावांची शेती एकत्र होती. ट्रॅक्टर धाकटा चालवायचा, पण पेरणी कधी करायची हे थोरला ठरवायचा. माती मुठीत दाबून बघायचा. गोळा चिकट राहिला की म्हणायचा, "वाफसा नाही अजून. चल घरी."

यंदा थंडी सरली तेव्हा थोरल्याने अंथरूण धरलं होतं. पोटातला आजार हाताबाहेर गेला होता आणि डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं होतं. "मका उगवलेला बघायला मिळाला तर बरं," एवढंच तो एकदा बोलला. धाकट्याला मग धीर धरवेना. जमीन गार होती, खाली ओल मुरलेली. तरी त्याने मका आणि सोयाबीन दोन्ही पेरून टाकलं.

पाठोपाठ गार पावसाची झड लागली. मग कडक ऊन पडलं आणि मातीवर पापुद्रा धरला. धाकट्याने उकरून पाहिलं. मक्याचं बी कुजून आंबूस वास मारत होतं. सोयाबीनचे कोंब वर यायला धडपडत होते, पण त्यांच्या माना मोडत होत्या.

"आलं का रे वर?" थोरल्याने विचारलं.

"ओळी दिसायला लागल्यात, दादा."

"मग एक रोप आण की. हातात घेऊन बघतो."

धाकटा शेजाऱ्याच्या उंचावरच्या रानात गेला आणि त्याला विचारून मक्याचं एक रोप मुळासकट घेऊन आला. थोरल्याने मुळांची माती बोटांत चोळली. ती तांबूस, भुरभुरीत होती. यांची जमीन काळी. बराच वेळ तो त्या कोवळ्या पानांवरून अंगठा फिरवत राहिला.

"छान आलंय शेजाऱ्याचं," तो म्हणाला.

धाकट्याची मान खाली गेली. "मला वाटलं, निदान तुला..."

"कळलं रे. पुन्हा पेर. पण माझ्यासाठी घाई करू नकोस."

जमीन सुकायच्या आत थोरला गेला.

दुसरी पेरणी एकसारखी उगवली. एका सकाळी वहिनी रबरी बूट घालून शेतावर आली. धाकटा ट्रॅक्टरच्या सावलीत तोंड झाकून बसला होता.

"उठा भाऊजी, तण माजायच्या आत कोळपून घेऊ."

"जरा बसू दे, वहिनी."

तिने पदराने डोळे पुसले आणि ती त्याच्याशेजारी मातीतच बसली.