मिस्त्रींची गाणं ऐकायची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही आत्ता ज्या नजरेने माझ्याकडे पाहताय, त्यावरूनही मला शंका येते की पाय वर घेऊन बसायचा तुमचा बेत आहे.

माझा जन्म सुतारकामाच्या कारखान्यात झाला. आमचे मिस्त्री तिथे लाकूड कापायच्या यंत्रावर काम करत. दिवसभर यंत्राची किंचाळी ऐकायची आणि संध्याकाळी घरी येऊन गाणी ऐकायची, हा त्यांचा नेम. त्यांनी हौसेने दोन मोठे स्पीकर घेतले आणि त्यांच्यापुढे बसायला उरल्यासुरल्या लाकडातून मला घडवले.

माझी जागा ठरवण्यात अख्खी दुपार गेली. मिस्त्रींनी एका स्पीकरपासून दुसऱ्यापर्यंत सुतळी ताणली. मग तेवढीच सुतळी प्रत्येक स्पीकरपासून माझ्या पाठीपर्यंत आणली. तिन्ही बाजू सारख्या झाल्या तेव्हा कुठे ते बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता गाणारी बाई बरोबर मधोमध उभी राहिली." मी पाहिले, तर तिथे चिटपाखरूही नव्हते. आवाज मात्र खरोखरच मधून येत होता. मी हलू नये म्हणून त्यांनी माझ्या पायांशी लाकडी गुटके ठोकले. "माप बरोबर तर काम बरोबर. तरीही बिघडलं, तर समजायचं, कोणीतरी हात लावलाय," असे ते कारखान्यात सगळ्यांना सांगत. घरातही तोच कायदा होता.

बरीच वर्षे माझा थाट होता. पाहुणे माझे कौतुक करत, पण बसायची परवानगी कोणालाच नसे. मिस्त्री निवृत्त झाले, मुलाचे लग्न झाले, सूनबाई घरात आली. आणि एके संध्याकाळी गाणे ऐकता ऐकता मिस्त्रींच्या कपाळाला आठी पडली.

"आवाज कोणी कमी केलाय?"

सुतळी निघाली. माप तंतोतंत होते. म्हणजे कोणीतरी हात लावला होता! माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. पहिला संशय मी त्या दोन स्पीकरांवरच घेतला. तोंडावर काळे फडके ओढून उभे राहणाऱ्यांचा काय भरवसा? दुसरा मांजरावर. तिसरा सूनबाईवर, कारण धूळ पुसायला तिथे रोज तीच येई. मिस्त्रींचा मात्र पहिला आणि शेवटचा संशय तिच्यावरच होता.

त्यांनी गुटके उखडले आणि मला वीतभर पुढे ओढले. काही महिन्यांनी आणखी वीतभर. शेवटी मी दोन्ही स्पीकरांच्या अगदी मध्ये जाऊन अडकले. तिथे गाणाऱ्या बाईचे दोन तुकडे झाले, अर्धी या कानाशी आणि अर्धी त्या कानाशी. मिस्त्री जास्तच चिडले. "मी हात लावला नाही हो बाबा," असे सूनबाई मान खाली घालून सांगे. मान खाली घालून बोलणारा माणूस मला लबाड वाटतो.

शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, रोज उठून तिच्यावर आळ घेता. आम्ही वेगळं घर बघतो."

सूनबाई फडके हातात तसेच धरून पुढे आली. "जायच्या आधी मला एकदा त्या खुर्चीत बसू द्या," ती म्हणाली. "मी काय बिघडवलंय, ते मलाही ऐकू दे."

मिस्त्री नाइलाजाने उठले आणि ती बसली. मग मागे उभे राहून, आपल्यालाही ऐकू येईल असे गाणे त्यांनी लावले. त्याबरोबर सूनबाई दोन्ही कानांवर हात ठेवून ताडकन उठली! खिडकीच्या काचा थरथरत होत्या, पलीकडून शेजारी भिंत बडवत होते. आणि मिस्त्री तिला विचारत होते, "ऐकलंस ना? किती बारीक येतोय!"

मुलाने गाणे बंद केले. मिस्त्रींनी आवाजाच्या बटणाकडे पाहिले. ते शेवटपर्यंत फिरवलेले होते, आणि फिरवले त्यांनीच होते. इतकी वर्षे त्यांनी सगळे मोजले, कान तेवढे मोजायचे राहिले. मला त्यांची फार दया आली.

सूनबाई हळूच काहीतरी बोलली.

"काय म्हणालीस?"

ती त्यांच्यासमोर आली आणि मोठ्याने म्हणाली, "रोज विचारते, बाबा, चहा ठेवू का? तुम्ही उत्तरच देत नाही. मला वाटलं, तुम्हाला माझ्या हातचा नको असतो."

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आले. "अगं पोरी, मला ऐकूच आलं नाही गं," ते म्हणाले. "उगीच तुला बोल लावले. जाऊ नका तुम्ही."

कारखान्यातल्या यंत्राच्या आवाजाने कान गेलेत, असे सांगून कानाच्या डॉक्टरांनी त्यांना कानात घालायचे यंत्र दिले आणि मी पुन्हा माझ्या मूळ जागी आले. मग एके सकाळी मिस्त्री करवत घेऊन माझ्याकडे आले. झाले, आता आपण सरपणात जाणार, असे मला वाटले. त्यांनी माझा एक हात कापलाही! पण त्या बाजूला एक नवी बैठक जोडली. आता माझ्यावर मिस्त्री आणि सूनबाई दोघे बसतात, आणि दोघांपैकी मधोमध कोणीच नसते.

मित्रांनो, मोठ्या आवाजापासून कान जपा, गेलेले कान परत मिळत नाहीत. आणि घरातल्या कोणी तुम्हाला उत्तर दिले नाही, तर लगेच मनात काही धरू नका. त्याच्यासमोर जा आणि एकदा पुन्हा विचारा.